येळवशीच्या आठवड्यातली बोट

ज्वारी पोटऱ्यात आली, हरभऱ्याला फूल लागलं आणि सकाळी दुकानाचं शटर हाताला गार लागायला लागलं, की माझ्या मोबाइलवर बोटीचं तिकीट येतं. लोकांना ऋतू झाडांवरून कळतात, वाऱ्यावरून कळतात. मला मार्गशीर्ष गेली कित्येक वर्षं खिशात टिंग वाजून कळतो.

कळंबला मोंढ्याच्या रस्त्यावर माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. एका कंपनीचा माल मी भरपूर खपवतो, म्हणून ती कंपनी दरवर्षी मला आणि माझ्यासारख्या दुकानदारांना जोडीनं क्रूझवर नेते. कधी मुंबईहून गोव्याकडं, कधी लक्षद्वीपकडं, मध्ये एकदा-दोनदा सिंगापूरहून. मी इतक्या वेळा गेलोय की कुठल्या मजल्यावर चहा फुकट मिळतो आणि कुठल्या जिन्यानं गेलं की फोटोवाला गाठत नाही, हे मला पाठ आहे. आणि इतक्या वेळा जाऊनही तिथल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास बसलेला नाही.

नेमकी त्याच आठवड्यात आमच्याकडं येळवस असते. कॅलेंडरात तिला वेळ अमावस्या म्हणतात. धाराशिव-लातूरकडं त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात. मोंढा बंद, शाळा ओस, रस्त्यावर कुत्रंसुद्धा शेताकडं निघालेलं. माणसं रानात कडब्याची कोप उभारतात, आत पाच दगड चुना लावून मांडतात, पुजतात, शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भज्जी आणि बाजरीचे उंडे खातात, वरून ताकातली आंबील पितात. रस्त्यानं अनोळखी माणूस चालला असला तरी त्याला हाताला धरून जेवायला बसवतात. माझी येळवस दरवर्षी बोटीवर जाते. तारखा कंपनीच्या असतात, असं मी सगळ्यांना सांगतो.

यंदा तिकीट आलं त्याच दिवशी आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तामलवाडीला दिलेली. भावजी गेल्यापासून शेत तीच बघते.

“दिगू, यंदा तरी येतूस का येळवशीला? का पाण्यातच हायस?”

“बघतो.”

“बघतो न्हाय. ये. आन् येताना ती हिरवी बाटली आण, दोन खोकी. बचत गटातल्या बायकांना म्या कबूल केलंय. फूल गळायच्या आत मारायला पायजे. सगळ्या जेवायला माझ्याच रानात हायत, तितंच वाटून टाकू.”

मी पुन्हा ‘बघतो’ म्हणालो आणि फोन ठेवला.

आता खरं सांगतो. त्या हिरव्या बाटलीत, म्हणजे पिकावर फवारायच्या कंपनीच्या टॉनिकात, काही नाही. पिकाचं वाईट होईल असंही काही नाही आणि चांगलं होईल असंही नाही. हे मला माहीत आहे. आक्काला माहीत नाही. ती बाटली तिनं स्वतः फवारलीच, पण तिच्या शब्दावर तामलवाडीतल्या कितीतरी घरांनी फवारली. तिला सांगावं, तर माझ्यावरचा तिचा विश्वास जाणार. ते एक वेळ चालेल. पण गावात तिचा शब्द जाणार, आणि एकट्या बाईला शेत करायला शब्दाशिवाय दुसरं काय असतं? न सांगावं, तर दोन खोकी गाडीत टाकून जायचं, किंवा नेहमीसारखं बोटीवर चढायचं. यंदा मार्गशीर्ष माझ्यापुढं हे एवढंच घेऊन आला होता.

*

बोटीवर चढताना पहिल्यांदा, परदेशी फेरी असली तर, ते तुमचा पासपोर्ट ठेवून घेतात आणि बदल्यात हातात एक चकचकीत कार्ड देतात. सगळे खूश होतात. मी विचार करतो, परत द्यायचा आहे तर घेता कशाला? मग ट्यूबच्या आकाराचं पांढरं-लाल कडं हातात देऊन फोटो काढतात. तुम्ही मागितलेला नसतो. दुसऱ्या दिवशी तुमचा चेहरा एका भिंतीवर टांगलेला असतो, विकायला. स्वतःचंच तोंड विकत घेणारी माणसं मी तिथं पाहिली. त्यात माझी बायको सुनीताही होती.

आमची खोली नेहमी आतल्या बाजूची असते. कंपनी तेवढंच करते. पहिल्या वेळी सुनीतानं समुद्र बघायला मोठ्या हौसेनं पडदा ओढला, तर मागं भिंत. पडदा चांगला जाड, झालरीचा, मागून मंद उजेड सोडलेला. खिडकी नसताना पडदा लावणाऱ्या माणसाचं मी बराच वेळ कौतुक करत बसलो. मला तो माणूस ओळखीचा वाटला.

खोली आवरणारा माणूस पहिल्याच संध्याकाळी नाव पाठ करतो. “गुड इव्हिनिंग, मिस्टर दिगंबर.” कळंबात मला मिस्टर म्हणणारा अजून जन्मायचाय. सुनीता सुखावते. मी नाही. कारण मीही दुकानात येणाऱ्याच्या पोराचं नाव लक्षात ठेवतो. ‘काय म्हणतोय आमचा ओंकार? बारावीला ना यंदा?’ असं मी विचारतो तेव्हा समोरच्याचे खांदे सैल पडतात, आणि खांदे सैल पडले की माणूस बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत नाही. नाव कशासाठी लक्षात ठेवतात, हे मला कुणी शिकवू नये.

आम्ही जेवायला गेलो की तो माणूस टॉवेलचा हत्ती करून पलंगावर बसवतो. एकदा माकड करून त्याला माझा चष्मा घातला होता. सुनीता हसून हसून पलंगावर बसली. मी चष्मा काढून काचा तपासल्या.

“त्याला तरी सोडा हो,” ती म्हणाली. “बिचारा चादरी बदलतो. त्याला काय मिळणार तुम्हाला फसवून?”

“काहीतरी मिळत असल्याशिवाय कुणी हत्ती करतं का?”

“तुम्ही नाही करणार. म्हणून दुसऱ्यानं करू नये?”

मग शिट्टी वाजते, सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून एका जागी उभं करतात, बोट बुडाली तर काय करायचं ते सांगतात. लोक एकमेकांचे फोटो काढतात. मी बाजूला टांगलेल्या होड्या बघतो आणि माणसं बघतो आणि मनातल्या मनात जुळवतो. माझं जुळत नाही. सुनीता म्हणते, “दुकानातला स्टॉक तरी कधी जुळलाय का तुमचा?”

तिला बोट आवडते. का आवडते, ते तिनं एकदाच सांगितलं: “तिथं मला कुणी विचारत नाही, आज काय करतेस म्हणून.” यावर मला संशय घेता आला नाही. बोटीबद्दल मी ऐकलेलं हे एकमेव खरं वाक्य असावं.

बाकी सगळं मात्र मला खुपतं. समुद्राच्या मधोमध पाण्याचा हौद बांधायचा आणि त्यात समुद्राकडं पाठ करून बसायचं. दुकानांच्या बोळात घड्याळ नसतं, ऊन नसतं, वारा नसतो. एकाच टेबलावर आंबा आणि कलिंगड आणि मटार. कुठला महिना चाललाय ते ताटावरून ओळखायची सोयच ठेवलेली नाही. आणि सगळं हसून. इतकं हसून की गाल दुखत असतील. एकदा लिफ्टचं दार बंद होताना मी एका वाढप्याचं हसू बघत राहिलो. दार जुळायच्या आधीच ते गेलं होतं. त्यात त्याचा काही दोष नाही. शटर ओढताना माझंही जातं.

*

आमच्यातले उमरग्याचे शिवाप्पा मात्र बोटीवरही येळवस सोडत नाहीत. हायवेला त्यांचं मोठं दुकान आहे. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, ट्रकवाल्यांशी हिंदी. एका वर्षी त्यांनी घरून ज्वारीचं पीठ पुडीत बांधून आणलं, जेवणाच्या हॉलमधून दह्याच्या वाट्या गोळा केल्या आणि खोलीतल्या बर्फाच्या भांड्यात आंबील लावली. दोन दिवसांत ती चांगली आंबली. आमच्या मजल्यावरच्या बोळात वास सुटला. शेजारच्या खोलीतल्या गुजराती जोडप्यानं तक्रार केली म्हणतात.

येळवशीच्या सकाळी शिवाप्पा वरच्या डेकवर आले. धोतर नव्हतं, बर्म्युडा होती. पण कपाळाला भस्म होतं. हातात पाण्याच्या बाटलीतली आंबील. आमच्याकडं शेताभोवती फिरत आंबील शिंपडतात आणि अर्धं कानडी, अर्धं मराठी असं काहीतरी ओरडतात. अर्थ कुणालाच येत नाही, पण ओरडल्याशिवाय राहवत नाही. शिवाप्पांनी तेच केलं. कठड्याच्या कडेकडेनं, अख्ख्या डेकला वळसा घालत, चूळ चूळ आंबील शिंपडत, घसा फोडून. आराम खुर्च्यांवर पडलेली माणसं उठून बसली. एक बाई टॉवेल गोळा करून आत पळाली.

सिक्युरिटीवाला आला. त्यानं बोट लावून वास घेतला. “सर, व्हॉट इज धिस लिक्विड?”

“जवार,” शिवाप्पा म्हणाले. “जवार अँड ताक.”

“केमिकल?”

“नो केमिकल. केमिकल शॉपमें. धिस गॉड फूड.”

त्यांनी जागोजागी पिवळ्या पाट्या उभ्या केल्या आणि दोन माणसं अख्खा डेक पुसत राहिली. शिवाप्पा ओशाळून माझ्याशेजारी येऊन बसले.

“कशाला शिंपडायचं मी म्हणतो,” मी म्हणालो. “शेत आहे का इथं?”

“आता मालक, असं कसं? कुणाचं तरी हायच की,” ते बोटीकडं हात फिरवून म्हणाले. “पिकल्याबिगर का इतकी माणसं राबवायलेत?”

त्याच दुपारी कंपनीचे मॅनेजर साहेब आमच्या टेबलावर बसले. पुण्याचे, आमच्याहून बरेच लहान, चांगल्या स्वभावाचे. ताटात चार रंगांचे केक. शिवाप्पांनी सहज विचारलं, “साहेब, त्या हिरव्या बाटलीत असतंय तरी काय वो?”

साहेबांनी काट्यानं बाहेरच्या पाण्याकडं दाखवलं. “हेच. समुद्रातल्या शेवाळाचा अर्क.”

“किती असतंय?”

“नावापुरतं. बाकी पाणी आणि रंग.” मग आमची तोंडं बघून हसले. “अहो, नुकसान काही नाही ना? शेतकऱ्याला काहीतरी मारल्याचं समाधान. ह्या बोटीला डिझेल तेच घालतं.”

शिवाप्पा हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण तो हुबेहूब माझ्या दुकानातला होता.

*

मी दुकानात काय करतो ते इथं लिहायला हरकत नाही, कारण आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि बाहेर कुणी बोलत नाही. पेरणीच्या घाईत खताची टंचाई असते. शेतकरी पोत्यासाठी येतो. मी म्हणतो, पोतं मिळेल, पण सोबत ही बाटली घ्यावी लागेल. आम्हालाही वरून तशीच मिळते, असं सांगतो, आणि ते खरंही असतं. पुढच्या वेळी जबरदस्ती करावी लागत नाही. एकदा फवारली आणि पाऊस नीट लागला, की माणूस स्वतःहून मागायला येतो. त्याचं पीक त्याच्या जमिनीनं आणलेलं असतं, बाटलीनं नाही. पण जमीन फ्लेक्स लावत नाही.

म्हणून बोटीवर मी कुणावर विश्वास ठेवत नाही. तिथला प्रत्येक हसरा माणूस मला माझ्या काउंटरमागं उभा दिसतो. सुनीता याला स्वभाव म्हणते. मी इतकी वर्षं याला हुशारी समजत होतो.

त्या टॉवेलवाल्याशी एकदाच मोकळं बोललो. चाळिशीचा होता, नेपाळचा, मिशा पिकायला लागलेल्या. मी हिंदीत विचारलं, तुमच्या गावाकडं आत्ता शेतात काय असतं? तो थांबला. हातातली उशी तशीच. “सरसों, सर,” तो म्हणाला. “पूरा पीला.” आणि या वेळी हसला नाही. मी पहिल्यांदाच त्याचं तोंड नीट पाहिलं.

*

आक्का आणि मी लहान होतो तेव्हा येळवशीला आंबीलीचा तांब्या तिच्याकडं असायचा. ती पुढं पळायची, मी मागं. ज्वारीची पानं अंगाला करकरा घासायची. तिचे हात कोपरापर्यंत ताकानं गार आणि चिकट. बांधावर उभी राहून ती रस्त्यानं जाणाऱ्या सायकलवाल्याला हाक मारायची, “ओ पावणं, जेवून जावा!” तो थांबायचा. कोण, कुठला, कुणी विचारायचं नाही. तो भरपेट जेवायचा, मिशी पुसायचा आणि जायचा. त्याचं नाव कुणी लक्षात ठेवायचं नाही.

अलीकडं येळवशीतही पुढाऱ्यांचे मांडव पडतात, जेवणाआधी भाषणं होतात. मी तिथं जात नाही. त्या भज्जीत काय कालवलंय ते मला कळतं. पण तो सायकलवाला जेवत होता तेव्हा आक्काला त्याच्याकडून काय हवं होतं, याचा मी खूप विचार केला आहे. मला काही सापडलेलं नाही.

गेल्या साली बोटीच्या आधी, लवकर पेरलेला हरभरा घाट्यावर आलेला असताना मी तामलवाडीला गेलो. साहेबांनी सगळ्या दुकानदारांना सांगितलं होतं, चांगल्या शेतकऱ्याचा व्हिडिओ पाठवा. आक्काचा हरभरा खरंच बघण्यासारखा होता. गुडघ्याला लागलेला, घाट्यांनी लगडलेला. तिनं दोनदा खुरपलेला, शेंडे खुडलेला, धुई पडली तेव्हा पहाटे उठून बघितलेला.

“पदर नीट हाय का बघ,” ती म्हणाली.

“आहे. बाटली जरा वर धर. नाव दिसलं पाहिजे.”

“आन् म्हनू काय?”

“जे वाटतं ते म्हण.”

तिनं घसा साफ केला. “ह्या औषधानं माजा हरभरा असा आला. सगळ्यांनी मारावं. माज्या भावानं दिलंय, खोटं कसं आसंल.”

घरी येऊन मी ते शेवटचं वाक्य कापलं. बहिणीची साक्ष कोण धरणार? कंपनीच्या माणसाला नातं कळायला नको होतं. बाटलीत काय आहे हे मला तेव्हा माहीत होतं. आदल्याच वर्षी साहेबांनी केक खाता खाता सांगितलं होतं ते.

मग बोटीवर दुकानदारांची सभा झाली. नाटकाचं थिएटर असतं तिथं, लाल मखमली खुर्च्या, वर झुंबर. आधी एक बाई पाय उंच उंच करून नाचल्या. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर आक्का आली. दोन मजल्यांएवढी. डोक्यावर पदर, हातात बाटली, डोळे उन्हानं बारीक केलेले. “सगळ्यांनी मारावं,” आक्का म्हणाली, आणि तिथं ती तुटली. तोंड उघडंच राहिलं होतं, पुढचं बोलायला. मला ते उघडं तोंड दिसलं. थिएटरभर टाळ्या वाजल्या. माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, “म्हातारीला चांगलं पढवलंय बुवा.”

आक्का म्हातारी नाही. माझ्यापेक्षा थोडीच मोठी आहे. मी मागं वळून हे सांगितलं नाही. ती माझी बहीण आहे, हेही नाही. सुनीतानं अंधारात माझ्याकडं पाहिलं. टाळ्या संपेपर्यंत मीही वाजवत होतो.

*

यंदा तिकीट आल्यावर मी सुनीताला म्हणालो, “मी येत नाही. आक्काला सांगायचंय.”

तिनं भाजी चिरायची थांबवली नाही. “मग मी काय करू?”

“राहा इथंच. किंवा चल तामलवाडीला.”

“मी बोटीवर जाणार,” ती म्हणाली. “माझ्या बहिणीला घेऊन. तुमच्या नावावर ती बसते का, तेवढं साहेबांना विचारा.” मग सुरी खाली ठेवून म्हणाली, “तुम्ही सांगून मोकळे व्हाल. मला परत आल्यावर वर्षभर त्याच दुकानाच्या वर राहायचंय. दोन दिवस जाऊन येते.”

मी साहेबांना विचारलं. बसत होती.

खोकी घेतली नाहीत. दुकानातून निघताना हात दोनदा त्या कप्प्याकडं गेला, हे खरं. येडशी, धाराशिव, तुळजापूर असा रस्ता. सगळ्या वाटेवर बायकांच्या डोक्यावर टोपल्या, टोपल्यांवर घोंगडी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरंबाळं. गावं मागं सुनी पडत होती. एका ठिकाणी एक म्हातारा रस्त्यात आडवा उभा राहून गाड्या थांबवत होता. मला वाटलं वर्गणी. काच खाली केली, तर म्हणाला, “चला, जेवायला चला.” मी घाई आहे म्हणालो. तो म्हणाला, “येळवशीला कसली घाई वो?”

आक्काच्या रानात कोपीपुढं सतरंज्या टाकल्या होत्या. गटातल्या बायका जेवायला बसत होत्या. आक्का उंडे वाढत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला, आणि मी तो उजळताना पाहिला, हे मला आयुष्यभर पुरेल.

“आलास व्हय. खोकी गाडीत हायत?”

“न्हाय आणली.”

“संपला का माल?”

हा एक दरवाजा तिनं स्वतःच उघडून दिला होता. ‘संपला’ म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. हरभरा आला असता, बायकांनी पुढच्या साली विचारलं असतं, मी तेव्हा बोटीवर असतो. मी तिला कोपीच्या मागं घेऊन गेलो.

“आक्का, त्या बाटलीत काही नसतं.”

“म्हंजी यंदाचा माल खराब निघाला?”

“न्हाय. दरसालचाच. रंगाचं पाणी हाय.”

तिला पटकन कळलं नाही. कडब्याचं एक धाट ओढून ती बोटानं मोडत राहिली. मग एकदम थांबली.

“तुला कवापासनं ठाव हाय?”

मी धाटाचा पडलेला तुकडा उचलला.

“फोटू काडलास तवा ठाव हुतं?”

“व्हय.”

मला वाटलं, रडेल. मला वाटलं, थोबाडीत मारेल. मला ते बरं वाटलं असतं, त्यात सुटका होती. ती म्हणाली, “गुमान चल म्होरं. त्या बसल्यात, त्यास्नी सांग.”

“तूच सांग की नंतर. मी गेल्यावर.”

“म्या सांगितलं तर म्हनतील, भावाचं काय फिस्कटलंय वाटतं. तू सांग. उभं ऱ्हाऊन.”

मी उभा राहिलो. बायकांचे घास हातात होते. दुकानात मी तासन्‌तास बोलतो. इथं चार वाक्यांत संपलं. बाटलीत पाणी आहे. मला ठाऊक होतं. आक्काला ठाऊक नव्हतं. ह्यात तिचा काही दोष नाही. शेवटचं वाक्य बोलताना मला माझाच संशय आला: हेही मी गिऱ्हाईक राखायलाच तर बोलत नाही ना? तो संशय हे लिहितानाही गेलेला नाही. कबूल करणारा माणूस समोरच्याचे खांदे सैल पडायची वाट बघतो, हे मला फार चांगलं माहीत आहे. त्या बायकांचे मात्र पडले नाहीत.

एकजण म्हणाली, “म्हंजी आमच्या हरभऱ्यावर बोटीत फिरायलेत व्हय हे?” दुसरीनं तोंडाला पदर लावला. हसली की काय केलं, कळलं नाही. तिसरीनं विचारलं, “आन् त्या निळ्या डब्यातलं वो? आन् मुळाला टाकायचं ते काळं?” मी एकेकाचं सांगत गेलो. हे खरं आहे, हे अर्धं खरं आहे, हे घेऊ नका. बायका माझ्या तोंडाकडं निरखून बघत होत्या, मी सांगतोय त्यात अजून काय दडलंय ते शोधत. मला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

कडेला कलावतीकाकू बसल्या होत्या, आक्काच्या बांधाशेजारच्या. सत्तरीच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “मंग गेल्या साली माजा हरभरा कशानं आला वो?”

मी आक्काकडं पाहिलं.

“कंबार मोडूस्तर खुरपलासा, म्हनून आला,” आक्का चुलीकडं तोंड करून म्हणाली. “गप जेवा आता.”

काकूंनी मान हलवली. त्यांना ते पटलं, असं मला वाटलं नाही. बाटलीनं आला म्हटल्यावर त्यांना जेवढं बरं वाटलं होतं, तेवढं हे ऐकून वाटलेलं दिसलं नाही. पण त्यांनी पुढचा घास घेतला, आणि मग बाकीच्यांनीही.

आक्कानं पंगतीच्या टोकाला माझ्यासाठी पत्रावळ टाकली. भज्जी वाढली, उंडा ठेवला. मग आंबील घेऊन ती ओळीनं निघाली, प्रत्येकीच्या वाटीत धार धरत, “घ्या अजून, घ्या” म्हणत. माझ्यापाशी आली तेव्हा थांबली. वाकली, आणि तांब्या माझ्यापुढं जमिनीवर ठेवून चुलीकडं परत गेली.

घरच्या माणसानं आपल्या हातानं घ्यायचं असतं, म्हणून तिनं तो ठेवला. की मला वाढायचं नव्हतं, म्हणून? तिला विचारण्याचा हक्क मला राहिलेला नाही. मी तांब्या उचलला आणि ओतून घेतली.